इचारल्याशिवाय पुसूचा नाय

भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं की काका आधी त्याचा वास घेत. नाक भिंतीला टेकवून, डोळे मिटून, देवळाच्या उंबऱ्यावर माथा टेकतात तसे. बाजारातून जाणारी माणसं हसत. "चुनेकार भितीचो मुको घेता रे!" असं एखादा ओरडे. काकांचं तिकडे ध्यान नसे. वास घेऊन झाला की अक्षराच्या रेषेवरून ते बोट फिरवीत, बोटाला लागलेलं दुसऱ्या बोटावर चोळून बघत आणि स्वतःशीच बोलत. "करवंटीचो कोळसो. माणूस डावरो. उंचीन माझ्यापरीस वायच कमी. घायत नाय होतो, सावकाश लिवल्यान."

मग चुन्याची बादली तिथेच भिंतीपाशी ठेवून ते निघत. लिहिणाऱ्याला गाठायला.

काका आमच्या कचेरीचे चुनेकार. गावातल्या सार्वजनिक भिंतींवर कोणी काही लिहिलं, चितारलं, की त्यावर चुना मारायचा हे त्यांचं काम. गावाचं नाव सांगत नाही. मालवणच्या किनाऱ्याला लहानमोठी बंदरं पुष्कळ आहेत, त्यांतलं एक समजा. काळ पंचावन्न ते साठच्या अलीकडचा-पलीकडचा. त्या दिवसांत भिंतींना फार काम असे. मुंबई कोणाची, गोवा कधी सुटणार, कोणाला मत द्यायचं, कोणाच्या तोंडाला काळं फासायचं, हे सगळं आधी भिंतीवर यायचं. वर्तमानपत्र एस.टी.नं दुसऱ्या दिवशी. वरून हुकूम होता, भिंती स्वच्छ ठेवा. सकाळी दिसलेलं संध्याकाळी दिसता कामा नये.

काकांचा त्यावर स्वतःचा एक हुकूम होता. "इचारल्याशिवाय पुसूचा नाय."

म्हणजे असं, की ज्यानं लिहिलं त्याला शोधायचं, त्याच्यापुढे उकिडवं बसायचं, एक विडी त्याला द्यायची, एक आपण पेटवायची आणि विचारायचं, "लिवलंस ता बरा. कित्याक लिवलंस?" तो सांगेल ते सगळं ऐकायचं. ते वहीत उतरवायचं. मग येऊन चुना मारायचा. आधी नाही. हेडक्लार्क साहेब कितीही ओरडले तरी नाही.

त्या कचेरीत मी शिपाई होतो, तात्पुरता. माझं गाव दोडामार्गाच्या पलीकडे. वडील गेले तेव्हा चौथीतून शाळा सुटली. मग काजूच्या बिया वेचणं, केळीचे घड वाहणं, असं करत करत तेविसाव्या वर्षी कोणाच्या तरी ओळखीनं या बंदरावर आलो. घरी आई, बायको, एक मुलगी. आज हा पल्ला तीन तासांचा वाटत असेल, तेव्हा दीड दिवस लागायचा, म्हणून वर्षातून एकदाच जाणं व्हायचं. मला सगळ्याचीच भीती वाटे. कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ते ओढून बघायचो. साहेबांनी नुसतं "अरे" म्हटलं तरी हातातलं काम टाकून उभा राहायचो. दर तीन महिन्यांनी माझा हुकूम नवा निघे, आणि तो निघेपर्यंत मला अन्न गोड लागत नसे.

पहिल्या दिवशी मी पेटी घेऊन कचेरीच्या पडवीत बसलो होतो. कुठे राहायचं ते ठरलं नव्हतं. काका बादली घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पेटी उचल." बस. खाडीच्या कडेला शिंपले भाजून चुना करायची भट्टी होती, तिच्या मागे त्यांची एक खोली. बायको कधीच वारलेली, मूल नाही. त्या दिवसापासून तिथली पेज, सुका बांगडा आणि एक चटई माझी झाली. का म्हणून ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उपकार विचारून घेतले तर फिटतात, न विचारता घेतलेले अंगावर राहतात.

वहीचं काम माझ्याकडे आलं ते त्यांच्या बोटांमुळे. चुन्यानं त्यांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, कुंचा धरून धरून बोटं आकडली होती. "माका वाचूक येता," ते म्हणत, "लिवूक हात चलणा नाय." म्हणून ते विचारत, मी शेजारी बसून ऐके, आणि खोलीवर येऊन लिही.

पहिल्याच वेळी ओरडा खाल्ला. मासळी बाजाराच्या भिंतीवर एकानं भावाला शिव्या लिहिल्या होत्या. मी लिहून आणलं, 'जमिनीच्या वाटणीत अन्याय झाल्याने मी रागाच्या भरात असे लिहिले.' काकांनी ते मला वाचायला लावलं.

"ह्या कोण बोलता? मामलेदार?"

"नाही काकानू, तोच. सकाळी आपण ज्याच्याकडे गेलो तो."

"तो 'रागाच्या भरात' म्हणालो? कधी? माका ऐकाक इला नाय."

"म्हणजे अर्थ तोच आहे."

"अर्थ तुज्याकडे ठेव. तेच्या तोंडातला माका दी."

मी परत लिहिलं. तो जसा बोलला तसं, खोकल्यासकट. शाळेत मला बाई सांगत, शुद्ध लिही. काका सांगत, खरं लिही. चौथी नापास-पास काय ते मला आठवत नाही, पण माणूस बोलतो कसा ते ऐकायला मी त्या खोलीत शिकलो, आणि पुढे आयुष्यभर त्यावर भाकरी खाल्ली. कारकून झालो तेव्हा माणसं माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत. म्हणत, याच्या अर्जात आपलंच बोलणं असतं.

वहीचा दुसरा नियम, नाव घालायचं नाही. मी एकदा घालायला गेलो तर काकांनी हात धरला. "नाव कशाक? नाव तेच्या बापाशीन ठेवलेला. ह्या बोलणा तेचा सवताचा."

भिंतीवरचं सगळंच ते वहीत घेत नसत. त्यांनी दोन वाटे केले होते. एक तोंडातला, एक पोटातला. घोषणा बहुतेक तोंडातल्या. एकदा हायस्कुलातला एक मुलगा सापडला, गेरूनं रंगलेल्या बोटांसकट. काकांनी विचारलं, "कित्याक लिवलंस?" तो म्हणाला, "सगळे लिवतत म्हणान." काका एवढे चिडलेले मी पाहिले नव्हते. "तुजा तुका म्हायत नाय, आणि भित माजी घाण केलंस, मेल्या?" त्याच्याच हातात कुंचा देऊन त्यांनी भिंत पुसून घेतली.

पोटातलं कसं असायचं ते सांगतो. शाळेच्या मागच्या भिंतीवर एके सकाळी कोळशानं होतं, 'हेडमास्तर पिवन मारता.' सगळ्यांना वाटलं पोरांचं काम. काकांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोर नाय. पोर इतक्या खाली लिवना नाय, टाचो उचलून वर लिवता. ह्या बसान लिवलेला." तिसऱ्या दिवशी आम्ही हेडमास्तरांच्या मागच्या दारी होतो. बाई भांडी घासत होत्या. काकांनी विडी काढली नाही, नुसते पायरीवर बसले. बाईंनी राखेचा हात थांबवला नाही. म्हणाल्या, "तोंडान सांगान आठ वर्सा झाली, ऐकणा नाय. शिकलेलो माणूस, म्हटलंय वाचल्यार तरी कळात." मी ते जसंच्या तसं लिहिलं. पुसायला काकांनी त्या वेळी चार दिवस लावले. हेडमास्तरांना वाचायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून, असं मला वाटतं.

आणि धर्मशाळेच्या भिंतीवरची होडी. एक म्हातारी दर अवसेला येऊन कोळशानं एक होडी काढी. शीड, सुकाणू, वल्ह्यांसकट, कुठे चुकत नसे. तिचा मुलगा त्या होडीवरून गेला होता आणि आला नव्हता. काका आजूबाजूला चुना मारत, होडीभोवतीची जागा सोडून. असं दोन वर्षं चाललं. साहेब म्हणत, ही काय नक्षी ठेवलीय? एका सकाळी म्हातारीच भट्टीवर आली. "चुनेकारा, पूस ती आता. येतलो तर दर्यातसून येतलो, भितीतसून नाय." काकांनी वहीत एवढंच घालायला सांगितलं. होडी पुसताना त्यांनी कुंचा शिडावर ठेवला, मग काढला, मग सुकाणूपासून सुरुवात केली.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, चुना कालवता कालवता. तरुणपणी सणाच्या आदल्या दिवशी एका सार्वजनिक विहिरीच्या कठड्याला चुना काढायचं काम त्यांना होतं. कठड्यावर कोळशाच्या दोन ओळी होत्या. त्यांनी कुंचा मारला. संध्याकाळी त्याच विहिरीतून एका सोळा वर्षांच्या मुलीला वर काढलं. "काय लिवलेला ता माका म्हायत नाय," काका म्हणाले. "माका तेव्हा अक्षर येय नाय होता. तिची आवय माका इचारी, काय होता रे थय? मी काय सांगू? पांढरा होता म्हणान सांगू?" त्यानंतर पंचविशी उलटलेल्या त्या माणसानं गुरवाच्या पोराशेजारी बसून अक्षर गिरवलं.

त्यांचं चुन्याचं शास्त्रही मला पाठ झालं होतं. "कोळशाक एक हात पुरे. गेरूक दोन. डांबराक पुरो नाय." डांबरावर कितीही चुना मारा, ते खालून पिवळं होत वर येतं. म्हणून डांबरानं लिहिणारा माणूस काकांना वेगळा वाटे. त्याला माहीत असतं की हे जायचं नाही.

आता त्या डांबराकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

वैशाख सरत आला की आमच्याकडे समुद्र फिरतो. होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकतात. त्या वर्षी बंदरावरच्या एका शेटचं गलबत कौलं भरून उभं होतं, शेवटच्या खेपेला. ते निघालं आणि बुडालं. सात माणसं होती. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, पाच मिळालीच नाहीत. शेटनं पेढीवर बसून सांगितलं, तांडेल प्यायलेला होता. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. तो न मिळालेल्या पाचांतला, तेव्हा येऊन खोटं पाडणार नव्हता.

चौथ्या दिवशी जकात नाक्याच्या भिंतीवर, शेटच्या वखारीच्या बरोबर समोर, हातभर उंचीची अक्षरं होती:

तांडेल नको म्हणालो. शेटान धाडल्यान.

डांबर. काकांना वास घ्यायला जवळ जावं लागलं नाही. होड्यांच्या फटींत कापूस आणि डांबर भरणारी माणसं बंदरावर तीन. त्यांतल्या एकाचा धाकटा भाऊ त्या गलबतावर होता. आम्ही त्याच्याकडे गेलो. शेटच्याच माडांच्या जागेत त्याची झापांची खोपी. बायको, तीन मुलं. त्याला बोलताना एक सवय होती. दर दोन वाक्यांनी म्हणायचा, 'ऐकलस तर ऐक, नायतर सोड.' पोरं त्याच्यामागून तेच ओरडत जायची आणि तोही हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

मी लिहून आणलं ते काकांनी नेहमीप्रमाणे वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तेचा 'ऐकलस तर ऐक' खंय गेला?"

"ते सात-आठ वेळा आहे काकानू. एकदाही नसलं तरी समजतं."

"ता घाल. सगळे घाल. ता नाय तर तो नाय."

मी घातले. ते पान मला अजून तोंडपाठ आहे.

'ऐकलस तर ऐक, नायतर सोड. त्या गलबताच्या फटी मीच बुजवलंय. कापूस मी भरलंय, डांबर मी लायलंय. गलबत फुटाक नाय, ह्या मी देवळात येवन सांगतंय. ऐकलस तर ऐक. तांडेल पायरेर उभो रवान म्हणालो, शेटानू, वारो फिरलो, आता नको. मी थय होतंय, डबो घेवन. शेट म्हणालो, माज्या कौलांक वारो लागणा नाय. नायतर सोड. माजो धाकलो माका हात करून गेलो. आता म्हणतत, तांडेल पिवन होतो. मेलेल्याक तोंड नाय. म्हणान भितीक दिलंय. भितंय. घर तेच्या जाग्यात आसा. तरी दिलंय. ऐकलस तर ऐक.'

काकांनी मग चुना मारला. दुसऱ्या दिवशी अक्षरं पिवळी होऊन परत वर. दुसरा हात मारला. तोही खाऊन अक्षरं वर. लोक आता ते बघायला येऊ लागले. सकाळी मासळी घेऊन जाणाऱ्या बायका थांबत, हळू वाचत, पुढे जात. शेटला रोज वखारीचं दार उघडलं की तेच समोर.

साहेबांनी काकांना बोलावलं. मी दारात होतो.

"कोणाचं आहे हे?"

"माका काय म्हायत?"

"तुला गावातल्या सगळ्या भिंतींचं माहीत असतं."

"माका 'कित्याक' ता म्हायत असता, सायबानू. 'कोण' ता माका कित्याक व्हया?"

साहेब हसले. मग दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "बस," म्हणाले. त्या खोलीत मला बसायला कोणी सांगितलं नव्हतं. मी बसलो नाही, खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिलो. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. त्यावर माझं नाव होतं.

"तुझा कायमचा हुकूम आहे. सहीला न्यायचाय." मग कागदावर बोट ठेवून, "ती वही तुझ्या पेटीत असते ना?"

"त्यात नावं नसतात साहेब."

"मग झालं तर. नावं नाहीत तर भीती कसली? बघतो आणि परत देतो."

मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आलोय की मला कळलं नव्हतं. नावं नव्हती, म्हणून दिली. पण वही पंच्यात गुंडाळताना ते शेवटचं पान मी एकदा उघडून बघितलं होतं. का बघितलं? आई, बायको, मुलगी, तीन महिन्यांचे हुकूम, हे सगळं त्या क्षणी डोक्यात होतं की नव्हतं तेही आता सांगता येत नाही. वही दिली एवढं नक्की.

दुपारी साहेबांच्या खोलीत शेट होते, जकातीचा कारकून होता. मला चहा आणायला पाठवलं. चहा घेऊन आलो तर वाचन चाललं होतं आणि खोली हसत होती. साहेबांचा आवाज चांगला होता, नाटकात काम करत असत. नावं नव्हती, पण त्यांना नावांची गरजच पडत नव्हती. "म्हटलंय वाचल्यार तरी कळात," साहेबांनी बाईंच्या आवाजात वाचलं आणि कारकून मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे ही तर हेडमास्तरीण!" दुसरं पान, दुसरं माणूस. दोन ओळींत ओळख. खेळच झाला. आम्ही त्या वहीत माणसं इतकी खरी उतरवली होती की कोणीही हात लावला तर ती बोलून उठत होती.

मग शेवटचं पान. साहेबांनी सुरू केलं, "ऐकलस तर ऐक—"

"नायतर सोड!" कारकुनानं हसत पुरं केलं. सवयीनं. बंदरावर कोणीही केलं असतं.

आणि त्याचं हसू तिथेच राहिलं. साहेबांनी पुढचं मनात वाचलं आणि वही शेटकडे सरकवली. शेटनं ती उघडूनही बघितली नाही. चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "बरा."

शनिवारी चार गड्यांनी त्या खोपीचे झाप उतरवले. मारहाण झाली नाही, शिवीगाळ झाली नाही. नुसते झाप उतरवून बाजूला रचले, जागेच्या मालकाचे होते म्हणून. बायको मडकी बाहेर काढत होती. काका तिथे होते. त्यांनी एक पेटी खांद्यावर घेतली आणि त्या कुटुंबाबरोबर एस.टी.च्या रस्त्यापर्यंत चालत गेले. मी कचेरीच्या दारातून बघितलं. वेंगुर्ल्यापर्यंत त्या माणसाला कोणी होडीला हात लावू दिला नाही. चोरवाटेनं गोव्याच्या खाणीवर गेला असं पुढे ऐकलं. मग तेही ऐकू येईनासं झालं. हेडमास्तरांच्या बाईंचा डावा हात महिनाभर झोळीत होता. हेडमास्तरांनी भिंतीवरचं वाचलं नव्हतं, पण ते कोणी लिहिलं हे बाजारात ऐकलं.

सोमवारी माझ्या हुकुमावर सही झाली.

साहेबांनी वही परत दिली, दिल्या शब्दाप्रमाणे. मी ती काकांसमोर ठेवली. त्यांनी ते पान काढलं, ओळीवरून बोट फिरवलं, आणि वहीला नाक लावून वास घेतला. मग उठून भट्टीकडे गेले. शिंपल्यांबरोबर वही जळायला वेळ लागला नाही. आत येऊन त्यांनी दोन ताटल्या मांडल्या आणि पेज वाढली. माझ्या ताटलीत बांगड्याचा मोठा तुकडा होता, रोज असायचा तसा.

मी वाट बघत होतो. आज विचारतील, उद्या विचारतील. 'कित्याक दिलंस?' माझं उत्तर तयार होतं, रोज मनात घोकत होतो, काकांना हवं तसं, माझ्याच तोंडातलं. त्यांनी विचारलं नाही. भिंतींवर लिहिणं थांबलं नव्हतं. काका अजून वास घेत, अजून माणूस शोधत, पुढ्यात बसून विडी देत. "आता कानात ठेवतंय," मला एवढंच म्हणाले. मला बरोबर येऊ नको असंही कधी म्हणाले नाहीत. सगळ्या गावाला विचारणारा माणूस एका मला सोडून सगळ्यांना विचारत होता, आणि रोज माझ्याबरोबर जेवत होता.

पावसाळा गेला. नारळी पुनवेला होड्या परत पाण्यात गेल्या. एका सकाळी, कचेरी उघडायला जायच्या आधी, मी चुलीतला एक कोळसा उचलला. कचेरीच्या मागच्या भिंतीवर, मासळी बाजाराकडे तोंड असलेल्या, लिहिलं, 'वही मी दिली.' अक्षरं वेडीवाकडी आली. मग पुढे जाऊन कुलूप उघडलं, झाडलोट केली आणि मागच्या दारात उभा राहिलो.

काका बादली घेऊन आले. नाक भिंतीला लावलं. बोट फिरवलं, चोळून बघितलं. कोळसा त्यांच्याच चुलीतला, त्यांना कळलंच असणार. मी दारात उभा होतो, दहा पावलांवर. शोधायला कुठे जायचंही नव्हतं.

त्यांनी कुंचा बुडवला आणि भिंतीवरून एकदा फिरवला. डावीकडून उजवीकडे, सरळ.

खाली रस्त्यावर मासेवाल्यांच्या बायका पाट्या घेऊन येत होत्या. त्यांनी ते वाचलं असतं तर मला त्या बंदरावर राहता आलं नसतं, जीवही वाचला असता की नाही कोण जाणे. म्हणून पुसलं असेल घाईनं. किंवा मी विचारण्याजोगाही उरलो नव्हतो म्हणून. दोन्ही मला अनेकदा खरं वाटलं आहे, एकाच दिवशीसुद्धा. त्यानंतर मी चार वर्षं त्यांच्या खोलीत राहिलो. त्यांनी मला काढलं नाही. शेवटी डोळ्यांत चुना जाऊन त्यांना दिसेनासं झालं तेव्हा भिंतीवर काय लिहिलंय ते मी त्यांना वाचून दाखवी.

त्या सकाळी बादली उचलता उचलता ते माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "कोळशाक एक हात पुरे."

जकात नाक्याच्या भिंतीवरचं डांबर मी बदली होऊन जाईपर्यंत पिवळं दिसत होतं. माझ्या भिंतीकडेही मी रोज बघायचो. खालून काही वर येतंय का म्हणून. काही आलं नाही.